दर महिन्याला छोटं अपडेट, प्रत्येकाचे वेगळे पैसे: टॉवेल-चादरीच्या सॉफ्टवेअरला जमेल का?

ताणाबाणा (प्रश्न)

नमस्कार मंडळी. सोलापुरातल्या टॉवेल आणि चादरीच्या कारखान्यांसाठी माझं सॉफ्टवेअर आहे. बिलिंग, सुताचा स्टॉक, पीसवरचा आठवड्याचा पगार एवढं त्यात होतं. विंडोजवर चालतं, डेटा एसक्यूलाइटमध्ये, म्हणजे एकाच फाइलमधल्या डेटाबेसमध्ये. ग्राहक ८०, बरेचसे अक्कलकोट रोड एमआयडीसीतले, काही चिंचोळीचे.

आजची पद्धत अशी: लायसन एकदाच १८,०००. एएमसी, म्हणजे देखभालीचा करार, वर्षाला ३,५००, ती ३० जण घेतात. दर दोन वर्षांनी मोठं व्हर्जन, त्याचे ६,०००, ते साधारण ४० जण घेतात. मोठं व्हर्जन बसवायला एका जागी अर्धा दिवस मोडतो. जे घेत नाहीत ते जुन्यावरच राहतात, त्यामुळे आज पाच व्हर्जनं जिवंत आहेत आणि पाचही सांभाळावी लागतात.

विचार असा आहे की दर महिन्याला एक छोटं अपडेट काढायचं, प्रत्येकाची किंमत ३००, ज्याला जे हवं ते त्यानं घ्यावं. तीन शंका आहेत. असं सुटं विकावं का? पैसे थांबवले त्याचं सॉफ्टवेअर बंद करायचं का? आणि महिन्याला डेटाबेसला हात लावताना डेटा कसा वाचवायचा?

सातरस्ता

पहिल्याच शंकेचं उत्तर स्पष्ट देतो: सुटं विकू नका.

वर्षात १२ अपडेट आणि प्रत्येक घ्यायचं की नाही हे ग्राहकाच्या मर्जीवर, म्हणजे दोनाचा बारावा घात, ४,०९६ वेगवेगळ्या जोड्या. आज पाच व्हर्जनं सांभाळताना दमताय, मग याचं काय होईल बघा की. शिवाय अपडेट एकमेकांवर उभे असतात. चौथ्यातला नवा पगार हिशेब दुसऱ्यात आलेल्या टेबलात लिहितो. दुसरं न घेता चौथं मागणाऱ्याला काय सांगणार?

बदल विकू नका, मुदत विका. एक वर्षाचे पैसे भरले की त्या वर्षात निघालेलं सगळं मिळेल. मुदत संपली की हातात आहे ते व्हर्जन कायमचं त्याचं, फक्त पुढचं मिळणार नाही. नव्या व्हर्जनमध्ये मागचं सगळं असतंच, त्यामुळे रांग एकच राहते. ग्राहक त्या रांगेत कुठे थांबला एवढाच फरक. टॅली (हिशेबाचं सॉफ्टवेअर) वापरणाऱ्याला हे समजावावंही लागत नाही: लायसन कायमचं, टीएसएस (त्यांची अपडेटची वर्गणी) भरलं तर नवी रिलीज. प्रोग्रॅमरांची साधनं विकणाऱ्या जेटब्रेन्स कंपनीची पद्धत थोडी वेगळी आहे. तिथं सदस्यत्व मासिक-वार्षिक असतं, पण सलग १२ महिने भरले की त्या १२ महिन्यांच्या सुरुवातीला जे व्हर्जन होतं ते कायमचं वापरता येतं. आपल्याकडच्या मालकाला ‘सुरुवातीचं’ हे पटणार नाही, त्याला शेवटचंच द्या.

दुसरं म्हणजे अपडेट महिन्याला काढा, पण वसुली महिन्याला नको. ८० ग्राहक गुणिले १२, म्हणजे ९६० वसुल्या. एका वसुलीला फोन, मेसेज, नोंद, पावती मिळून पंधरा मिनिटं धरली तरी २४० तास होतात, आठ तासांचे ३० दिवस. पूर्ण महिना ३०० रुपयांच्या मागे फिरण्यात जाईल. वर्षाची एकच पावती करा.

किमतीचा हिशेब तुमच्याच आकड्यांवर करतो. मोठ्या व्हर्जनचे ४० गुणिले ६,००० भागिले दोन वर्षं, म्हणजे वर्षाला १,२०,०००. एएमसीचे १,०५,०००. एकूण २,२५,०००. एएमसी आणि अपडेट एकत्र करून वर्षाला ४,८०० ठेवलेत, तर ४७ जण आले की आजची कमाई भरून निघते. ८० पैकी ४७ अवघड नाहीत. पण पहिल्या वर्षी जे ‘आम्ही मागच्याच वर्षी सहा हजार भरलेत’ म्हणतील त्यांना ते वर्ष असंच द्या. तिथं चिकटपणा केला तर योजना सुरू व्हायच्या आधीच बदनाम होईल.

मुदत चुकवणाऱ्यांचा नियम आधीच लिहून ठेवा. ९० दिवसांच्या आत आला तर जुन्या तारखेपासूनच पुढचं वर्ष मोजायचं. त्यानंतर आला तर आजपासून नवं वर्ष, पण दीडपट दर. मागची सगळी थकबाकी मागितली तर माणूस परत येतच नाही. काहीच जास्त घेतलं नाही तर सगळे एकाआड एक वर्ष भरायला शिकतात.

खतावणी

वरचं बरंचसं मान्य, एक गोष्ट मात्र नाही. कायद्यातला दर बदलला तर त्याला मुदतीचं कुंपण लावू नका.

अगदी जवळचं उदाहरण घ्या. २२ सप्टेंबर २०२५ पासून टॉवेल-चादरीसारख्या तयार मालाला नगामागे २,५०० रुपयांपर्यंत ५ टक्के आणि त्यावर १८ टक्के जीएसटी झाला. आधी ही रेघ १,००० वर होती आणि वरचा दर १२ होता. म्हणजे १,४०० रुपयांची चादर एका रात्रीत १२ वरून ५ वर आली. ज्याचं सॉफ्टवेअर १२ लावत राहिलं त्याचा व्यापारी बिल परत पाठवतो आणि शिव्या सॉफ्टवेअरवाल्याला बसतात, मुदत संपलेली असो वा नसो.

त्यामुळे दर प्रोग्रॅममध्ये लिहूच नका. दराचं वेगळं टेबल ठेवा: एचएसएन (मालाचा जीएसटी कोड), नगाची किंमत कुठून कुठपर्यंत, दर, आणि ‘या तारखेपासून’. बिलाच्या तारखेवरून दर उचलायचा, आजच्या तारखेवरून नाही. नाहीतर जुनं बिल पुन्हा छापलं की नवा दर येतो. क्रेडिट नोटला, म्हणजे बिलाची रक्कम कमी करणाऱ्या कागदाला, तर मूळ बिलाचीच तारीख बघायला हवी, कारण २२ सप्टेंबरच्या आधीच्या विक्रीची क्रेडिट नोट ऑक्टोबरात काढली तरी दर जुनाच लागतो. हे टेबल म्हणजे काही केबींची फाइल, व्हॉट्सॲपवर जाते. ती सगळ्यांना फुकट द्या.

चुकीच्या दुरुस्तीचंही तेच. बेरीज चुकत असेल तर तो तुमचा दोष आहे, त्याला ‘अपडेट’ म्हणून पैसे मागायचे नसतात. पैसे नव्या कामाचे.

वसुलीबद्दल थोडं. ४,८०० वर १८ टक्के म्हणजे ८६४, एकूण ५,६६४. ‘४,८०० सांगितलेत आणि ५,६६४ घेतलेत’ हा वाद नको असेल तर पहिल्याच मेसेजमध्ये दोन्ही आकडे टाका. सेवेचे पैसे आगाऊ घेतले तरी जीएसटी घेतानाच भरावा लागतो, त्यामुळे ८६४ वेगळे काढून ठेवा. यूपीआय ऑटोपे लावायचा मोह होईल. १५,००० पर्यंतचे हप्ते दर वेळी पिन न टाकता जातात आणि कापण्याच्या २४ तास आधी सूचना जाते. पण भागीदारीच्या चालू खात्याला दोघांच्या सह्या लागत असतील तर तिथं यूपीआय बहुधा चालतच नाही. वर्षाला एकदाच घ्यायचे असतील तर एनईएफटी बरी.

अपडेट कधी काढायचं तेही बघा. ११ तारखेला जीएसटीआर-१ (विक्रीचं रिटर्न), तिमाहीवाल्यांचं १३ ला, महिन्याचं ३बी (कर भरायचं रिटर्न) २० ला. म्हणून ८ ते २० कुणाच्याही मशीनला हात लावू नका. २२ ते २८ हा मोकळा काळ. जानेवारीत रिटर्नच्या तारखा आणि सिद्धेश्वराचा गड्डा (सोलापूरची यात्रा) एकत्रच येतात, फोन उचलणारा माणूसच जागेवर नसतो. मार्चचं अपडेट २२ लाच काढा, त्यात १ एप्रिलची नवी बिल-मालिका तयार असू द्या. बिल नंबर १६ अक्षरांच्या वर जाता कामा नये, वर्ष आणि शाखा जोडताना लोक हे विसरतात.

सातरस्ता

दराची फाइल फुकट, मान्य. पण ई-इनव्हॉइसचा साचा बदलला किंवा रिटर्नची नवी जोडणी करावी लागली तर ते चार-पाच दिवसांचं काम असतं. ते मुदतीतच ठेवायला हवं. ‘कायदा’ म्हटलं की सगळं फुकट, अशी सवय लागली तर वर्षाचे पैसे कशाचे मागायचे?

खतावणी

ठीक. फाइलनं भागतं ते फुकट, प्रोग्रॅम बदलावा लागतो ते मुदतीत. ही ओळ करारात जशीच्या तशी घाला.

डबलबीम

लायसन आणि डेटाबेसचं मी सांगतो. बहुतेक घोटाळे तिथंच होतात.

मुदत तपासताना कॉम्प्युटरचं घड्याळ बघायचंच नाही. जुन्या मशीनमधला मदरबोर्डचा सेल संपला की तारीख दहा-पंधरा वर्षं मागे जाते, आणि हुशार ऑपरेटर ती मुद्दामही मागे नेतो. त्याऐवजी प्रत्येक बिल्डमध्ये (ग्राहकाला द्यायच्या तयार प्रोग्रॅममध्ये) एक ‘हक्क-तारीख’ पक्की लिहा, उदाहरणार्थ २२ मे. लायसन फाइलमध्ये ‘या तारखेपर्यंतचे अपडेट’ ही तारीख ठेवा. हक्क-तारीख लायसनच्या तारखेच्या आत असेल तर चालू, नसेल तर नाही. दोन्ही तारखा ठरलेल्या, त्यामुळे घड्याळ कितीही फिरवा, काही बिघडत नाही. आणि चालू असलेलं सॉफ्टवेअर उद्या आपोआप बंद पडूच शकत नाही. तुमच्या दुसऱ्या शंकेचं उत्तर हेच. बिलिंग कधीही बंद करू नका. गाडी भरून दारात उभी आणि बिल निघत नाही, ही बातमी संध्याकाळपर्यंत पूर्ण एमआयडीसीत पोचते.

लायसन फाइलवर एड२५५१९ पद्धतीची डिजिटल सही करा. खासगी किल्ली फक्त तुमच्याकडे, प्रोग्रॅममध्ये सार्वजनिक किल्ली. साधी ‘एनक्रिप्ट’ केलेली फाइल चालणार नाही, कारण उलगडायची किल्ली प्रोग्रॅममध्येच पडलेली असते.

हक्क-तारीख आणि बिल्डची तारीख वेगळ्या ठेवण्याचं कारण दुरुस्त्या. मे च्या व्हर्जनमधली चूक ऑगस्टमध्ये सापडली, तर दुरुस्तीचं बिल्ड ऑगस्टचं असेल पण हक्क-तारीख मे चीच ठेवा. मग जूनमध्ये मुदत संपलेल्यालाही ती मिळते. यात एक खड्डा आहे. प्रत्येकाची मुदत वेगळ्या महिन्यात संपली तर बारा महिन्यांच्या बारा व्हर्जनवर दुरुस्त्या कराव्या लागतील आणि तुमची ‘पाच जिवंत व्हर्जनं’ बारा होतील. म्हणून सगळ्यांच्या मुदती वर्षातल्या दोनच तारखांना संपवा, ३१ मार्च आणि ३० सप्टेंबर. मधे आलेल्याला तेवढ्या महिन्यांचे पैसे कापून द्या. मार्च आणि सप्टेंबरची रिलीज म्हणजे थांबे. दुरुस्ती चालू व्हर्जनला आणि शेवटच्या दोन थांब्यांना, बाकी कशाला नाही. दोन्ही तारखांना अर्धे-अर्धे पैसे येतात हाही फायदा.

आता डेटाबेस. एसक्यूलाइटच्या फाइलमध्येच ‘यूजर व्हर्जन’ नावाचा एक पूर्णांक ठेवायची सोय आहे. रचनेचा नंबर तिथं लिहा. प्रत्येक बदलाची एक पायरी, १८ वरून १९, १९ वरून २०. सहा महिन्यांनी अपडेट घेणाऱ्याला ‘१८ वरून थेट २४’ अशी खास वाट करू नका, सहा पायऱ्या क्रमानंच चालवा. पायरी एका ट्रान्झॅक्शनमध्ये, आणि नंबर वाढवणंही त्याच ट्रान्झॅक्शनमध्ये. मधे वीज गेली तर दोन्ही मागे फिरतात. टेबल नव्यानं बांधताना फॉरेन की (टेबलांमधला दुवा) तपासणी बंद करायची असेल तर ती ट्रान्झॅक्शन सुरू व्हायच्या आधी बंद करा. आत दिलेली ती आज्ञा गुपचूप काहीच करत नाही, एरर सुद्धा देत नाही, आणि टेबल उडवताना जोडलेल्या नोंदीही जाऊ शकतात.

क्रम असा हवा: आधी लायसन तपासणी, मग बॅकअप, मग पायऱ्या, मग नवा प्रोग्रॅम. लायसन तपासणी शेवटी आली तर डेटा नव्या रचनेत जातो, नवा प्रोग्रॅम ‘मुदत संपली’ म्हणतो आणि जुन्याला डेटा उघडत नाही. दुरुस्त करायला तुम्हालाच जावं लागेल.

बॅकअप म्हणजे डीबी फाइल कॉपी-पेस्ट नव्हे. डब्ल्यूएएल मोड चालू असेल तर ताज्या नोंदी बाजूच्या डब्ल्यूएएल फाइलमध्ये असतात. मुख्य फाइल तेवढी उचलली की त्या गेल्या. एसक्यूलाइटची ऑनलाइन बॅकअप सोय किंवा ३.२७ व्हर्जनपासूनची ‘व्हॅक्यूम इनटू’ आज्ञा वापरा, आणि तयार झालेली प्रत उघडून ‘इंटिग्रिटी चेक’ (फाइल धड आहे का ही तपासणी) चालवा. शेवटच्या पाच प्रती ठेवा, जुन्या पुसा, नाहीतर वर्षभरात सी ड्राइव्ह भरतो.

महिन्याच्या अपडेटमध्ये फक्त भर घाला, काही काढू नका. नवा कॉलम रिकामा चालेल असा किंवा ठरावीक किमतीचा. नाव बदलायचं असेल तर नवा कॉलम घाला, दोन रिलीज दोन्हीत लिहा, तिसऱ्यात जुना काढा. चढवलेल्या बीमवर ताण्याचे धागे मधेच बदलत नाहीत, तसंच. डेटाबेसमध्ये आणखी एक आकडा ठेवा: ‘ही रचना उघडायला किमान कोणता प्रोग्रॅम लागतो’. नुसती भर घातली असेल तर तो आकडा वाढवू नका. मग नवं अपडेट बिघडलं तर डेटा न हलवता मागचा प्रोग्रॅम लावता येतो. बॅकअपवर परत जाणं हे नवी नोंद पडायच्या आधीच शक्य असतं. दहा बिलं निघाल्यावर बॅकअप लावला तर ती दहा बिलं गायब, आणि नंबर मात्र व्यापाऱ्याकडे पोचलेले.

प्रत्येक व्हर्जन स्वतःच्या फोल्डरमध्ये ठेवा. डेस्कटॉपवरचं चिन्ह एका छोट्या सुरू-करणाऱ्या प्रोग्रॅमचं, तो ‘चालू’ नावाच्या फाइलमधून फोल्डरचं नाव वाचतो. सगळं उतरून, तपासून झालं की सर्वात शेवटी ती एक ओळ बदलायची. मधे वीज गेली तर जुनं तसंच उघडतं.

ईएक्सईवर, म्हणजे प्रोग्रॅमच्या फाइलवर, कोड सायनिंगची (बनवणारा कोण हे दाखवणारी) सही हवीच. दोन वर्षांनी एक व्हर्जन असताना विनासही कसंतरी भागतं. महिन्याला नवी फाइल म्हणजे विंडोजच्या स्मार्टस्क्रीन सुरक्षेसाठी दर महिन्याला अनोळखी फाइल, आणि अँटिव्हायरस ती उचलून बाजूला टाकतो. १ जून २०२३ पासून किल्ली हार्डवेअर टोकनवर किंवा तशाच सुरक्षित यंत्रणेतच मिळते, ते बिल्डच्या वेळापत्रकात धरा. सही करताना टाइमस्टॅम्प लावा, नाहीतर सर्टिफिकेट संपल्यावर जुनी व्हर्जनंही संशयित ठरतात.

आणि एकदम ८० जणांना सोडू नका. आधी तीन: एक जकार्ड चादरीचा, एक एक्स्पोर्टचा टेरी टॉवेलवाला, एक सगळ्यात जुनं मशीन असलेला. दोन दिवस थांबा. मग १५, तीन दिवस. मग बाकीचे. २२ ला सुरू केलं की २७-२८ ला संपतं, वर खतावणींनी दिलेल्या तारखांत बरोबर बसतं.

गठ्ठापावती

कारखान्याच्या ऑफिसच्या बाजूनं लिहितो. अपडेट कशात आहे हे मालकाला कळलं तर पैसे निघतात, आणि ऑपरेटरला त्रास झाला नाही तरच ते टिकतात.

आठवड्याच्या पगाराच्या दिवशी आणि त्याच्या आदल्या दिवशी अपडेट विचारू सुद्धा नका. प्रत्येक कारखान्याचा वार वेगळा, तो सेटिंगमध्ये विचारून ठेवा. ‘आत्ता / संध्याकाळी बंद करताना’ असे दोनच पर्याय द्या, पहिल्यापासून दुसराच निवडलेला असू दे.

बटणांची जागा बदलू नका. एफ२ म्हणजे नवं बिल, तर ते कायम नवं बिलच. ऑपरेटर स्क्रीन वाचत नाही, बोटांनी चालतो. डॉट मॅट्रिक्सची छपाई एक ओळ खाली सरकली की आधी छापून आणलेले फॉर्म वाया. म्हणून प्रत्येक रिलीजआधी बिल, चलन आणि पगारपत्रक खऱ्या प्रिंटरवर काढून मागच्या महिन्याच्या कागदावर ठेवून उजेडात धरा.

आणि मेसेज. ‘परफॉर्मन्स सुधारला, बग फिक्स’ याला कोण पैसे देतो ओ? असं लिहा:

“मे अपडेट. १) विणकराची उचल आता तीन हप्त्यांत कापता येते: पगार > उचल > हप्ते. २) सुताचा स्टॉक काउंटप्रमाणे, २/२० आणि १० वेगळे दिसतील. ३) बिल छपाईत बदल नाही. वेळ: ४ मिनिटं. अडचण आली तर मुख्य स्क्रीनवर ‘मागचं व्हर्जन’ दाबा.”

तिसरी ओळ सगळ्यात महत्त्वाची. काय बदललं नाही ते वाचल्यावर माणूस ‘हो’ दाबतो. ऑपरेटर घरी तेलुगू किंवा कन्नड बोलणारा असू शकतो, तेव्हा वाक्यं छोटी आणि मेनूचा रस्ता स्क्रीनवर जसा दिसतो तसाच. एका अपडेटमध्ये दिसणारे बदल दोन-तीनच. आणि दिसणारं काहीच तयार नसेल तर तो महिना सोडा, उगाच रिकामं अपडेट पाठवू नका.

ताणाबाणा

खूप उपयोगी, आभार. सुटं विकायचा विचार सोडला. दोन गोष्टी राहिल्या. सहा-सात ठिकाणी दोन-तीन मशीन लॅनवर एकच डीबी फाइल शेअर फोल्डरमधून उघडतात. आणि चार ठिकाणी विंडोज ७ आहे, तेही नेटशिवाय.

डबलबीम

पहिली गोष्ट अपडेटच्या आधी सोडवा. नेटवर्क शेअरवर एसक्यूलाइटचं लॉकिंग भरवशाचं नसतं, आणि डब्ल्यूएएल मोड तर दोन वेगळ्या मशीनमधून चालतच नाही. आजवर फाइल बिघडली नसेल तर नशीब. डेटा असलेल्या मशीनवर एक छोटी सर्व्हिस बसवा, फाइल फक्त तीच उघडेल, बाकीची मशीन तिच्याशी बोलतील. नाहीतर त्या सहा-सात जणांना मायक्रोसॉफ्टचा एसक्यूएल सर्व्हर एक्स्प्रेस हा डेटाबेस द्या. ते फुकट आहे, डेटाबेसला २०२२ च्या व्हर्जनपर्यंत १० जीबीची मर्यादा होती, २०२५ च्या व्हर्जनमध्ये ती ५० जीबी झाली, बिल-पगाराला १० सुद्धा पुष्कळ झाले. अपडेट नेहमी सर्व्हिसच्या मशीनवर आधी. बाकीची मशीन सुरू होताना नंबर विचारतील आणि नवा फोल्डर तिथूनच उतरवून घेतील. एकानं आधी नवं टाकलं आणि दुसरा जुन्यावर राहिला, ही स्थिती येऊच द्यायची नाही.

विंडोज ७ ला सर्व्हिस पॅक १ असेल तर डॉटनेट फ्रेमवर्क ४.८ (प्रोग्रॅम ज्यावर चालतो तो मायक्रोसॉफ्टचा पाया) चालतं. तुम्ही डॉटनेट ८ वर गेलात तर विंडोज १० लागेल आणि हे चौघे तिथंच सुटतील. त्यांना आत्ताच लेखी कळवा की सप्टेंबरचा थांबा हा विंडोज ७ साठी शेवटचा, म्हणजे पुढच्या वर्षाचे पैसे त्यांच्याकडून चुकून घेतले जाणार नाहीत. तोवर त्यांना पेनड्राइव्हवर एकच सही केलेली फाइल, आत अपडेट, दराचं टेबल आणि लायसन. प्रोग्रॅमनं पेनड्राइव्हवरून थेट चालवू नये, आधी डिस्कवर कॉपी करून सही तपासावी आणि मगच उघडावी. अर्धवट कॉपी झालेली फाइल त्या तपासणीतच अडकते.

ताणाबाणा

सर्व्हिसचं काम आधी घेतो. पहिलं अपडेट त्याचंच असेल, आणि ते फुकट.

गठ्ठापावती

मेसेजमध्ये ‘बिल छपाईत बदल नाही’ तेवढं विसरू नका.